पूल आधी की पंचायत आधी : उजनीकाठच्या जलविलग गावांविषयी एक संवाद

भीमा नदीवर माढा तालुक्यात १९६६ साली पायाभरणी होऊन १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणाच्या मागे नदीपात्रात आणि आजूबाजूच्या शेतजमिनींवर पसरलेले पाणी, पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याची उत्तर सीमा व्यापून दौंडकडे सरकतो. धरणापूर्वी उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी नदी इंदापूर आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा या तालुक्यांच्या मधून वाहत होती. धरणानंतर तिच्या जागी यशवंतसागर हा विस्तीर्ण जलाशय आला. शिरसोडी, पडस्थळ, कालठण, गंगावळण, कळाशी, आगोती ही इंदापूरकडची आणि कुगावसारखी करमाळ्याकडची गावे त्यामुळे परस्परांपासून तुटली, आणि त्यांतल्या काही वाड्या-वस्त्यांना दोन किंवा तीन बाजूंनी पाण्याने वेढले. भूगोलाच्या काटेकोर अर्थाने ही बेटे नव्हेत, कारण मागच्या बाजूने जमिनीचा रस्ता शिल्लक आहे. पण बाजार, दवाखाना आणि महाविद्यालय समोरच्या काठावर दिसत असताना तेथे पोचण्यासाठी टेंभुर्णीकडून किंवा भिगवणकडून मोठा वळसा घालावा लागत असेल, तर त्या गावाचे जगणे बेटावरच्या जगण्याहून फारसे वेगळे उरत नाही. अशा वस्तीला या लेखात ‘जलविलग गाव’ म्हटले आहे.

या गावांच्या विकासाची जबाबदारी कोणी आणि कोणत्या क्रमाने उचलावी, याविषयी दोन भूमिका नेहमी समोरासमोर येतात. एक भूमिका मोठ्या बांधकामाची आहे आणि ती राज्यस्तरावरील निधी व तांत्रिक कौशल्य यांवर विसंबते. दुसरी भूमिका ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या त्रिस्तरीय स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अधिकारांची आहे. पुढील संवादात पहिली भूमिका एक निवृत्त अभियंता मांडतो आणि दुसरी जलाशयाकाठच्या गावाची एक माजी सरपंच मांडते. ही दोन्ही पात्रे कल्पित असून ती केवळ त्या त्या विचाराची प्रतिनिधी आहेत.

अभियंता : ताई, या गावांच्या दारिद्र्याचे मूळ अंतरात आहे, आणि अंतरावर पूल हाच टिकाऊ उपाय आहे. शिरसोडी आणि कुगाव यांना जोडणाऱ्या पुलाला शासनाने मंजुरी दिली आहे. तो उभा राहिला की करमाळ्याकडचा ऊस, दूध आणि भाजीपाला इंदापूरच्या बाजारात व कारखान्यांत थेट येईल, आणि आजारी माणूस रुग्णालयात वेळेत पोचेल. भिगवणजवळ डिकसळ येथे मूळचा रेल्वेचा ब्रिटिशकालीन पूल पुढे रस्त्यासाठी वापरला गेला आणि त्या एका जुन्या पुलाने दोन जिल्ह्यांचा व्यवहार कित्येक वर्षे पेलला. एका पक्क्या दुव्याचे मोल किती असते, ते त्यावरून कळते. असे काम ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून होण्यासारखे नाही, म्हणून विकासाची सुरुवात राज्यस्तरावरूनच व्हायला हवी.

सरपंच : पूल हवा याविषयी काठावरच्या एकाही माणसाचे दुमत नाही, साहेब, प्रश्न पुलापूर्वीच्या वर्षांचा आहे. धरण पूर्ण झाल्यापासून चार दशके लोक होडीने आणि लाँचने पाणी ओलांडत आले, आणि त्या ओलांडण्याची जबाबदारी कोणत्याही कार्यालयाने स्वतःकडे घेतली नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि लहान मुलांसह सहा जणांचा मृत्यू झाला. धोका त्या दिवशी नव्याने आलेला नव्हता; तो रोजच्या प्रवासात होताच, फक्त कोणाच्याही नोंदवहीत नव्हता. पुलाचा आराखडा, निविदा आणि बांधकाम यांत वर्षे जातात. त्या काळात मुलांनी शाळेत आणि बाळंतिणीने दवाखान्यात कसे जावे, याचे उत्तर पुलाच्या अंदाजपत्रकात कोठेही लिहिलेले नसते.

अभियंता : त्यासाठी कायदा आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमानुसार, म्हणजे नद्या, जलाशय व कालवे यांत चालणाऱ्या नौकांसाठीच्या केंद्रीय कायद्यानुसार, यांत्रिक बोटीची नोंदणी, तिची तपासणी, चालकाची पात्रता आणि विमा या गोष्टी आवश्यक आहेत. नियम पाळले जात नसतील तर कठोर अंमलबजावणी करावी, आणि तोपर्यंत धोकादायक वाहतूक बंद ठेवावी. हे काम ग्रामपंचायतीवर सोपवले तर उद्या अपघात झाल्यावर दोष कोणाचा, हा प्रश्न उभा राहील. नौकेच्या सांगाड्याची ताकद आणि तिची भारक्षमता तपासण्याचे ज्ञान ग्रामसेवकाकडे असण्याची अपेक्षा धरता येणार नाही.

सरपंच : बंदीचा आदेश काढणे सोपे असते, पण ज्याची शेती एका काठावर आणि नातेवाईक दुसऱ्या काठावर आहेत, तो बंदीनंतरही पाणी ओलांडतोच, फरक इतकाच, की मग तो अंधारात आणि आणखी लहान होडीतून जातो. तपासणी तज्ज्ञाने करावी हे मान्य आहे. परंतु वारा सुटला असता बोट सोडू नये, क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि मोटारसायकली चढवू नयेत, प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे, या गोष्टी रोज सकाळ-संध्याकाळ धक्क्यावर उभे राहून पाहायच्या असतात, आणि तेथे उभा राहू शकणारा माणूस गावचाच असतो. वल्ह्याने चालणाऱ्या बिगरयांत्रिक नौकांची कामे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची सोय त्याच कायद्यात आहे. शिवाय साहेब, हे काही नवे धाडस नव्हे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने तोडलेल्या जावळी-महाबळेश्वरकडच्या गावांसाठी सातारा जिल्हा परिषदेने लाँचची सेवा चालवली आहे. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे अलग पडलेल्या नंदुरबारमधील नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना फिरला आहे. ही कामे करणाऱ्या संस्था आधीपासून निष्णात नव्हत्या. काम अंगावर पडल्यावर त्या ते शिकल्या.

अभियंता : ही उदाहरणे वजनदार आहेत, पण त्यांच्यामागे एक आर्थिक अडचणही आहे. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो आणि तो जेथे अधिक लोकांच्या उपयोगी पडेल तेथे आधी खर्च करावा, हे नियोजनाचे मूलतत्त्व आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील वस्तीसाठी ५०० लोकसंख्येची अट त्याच विचारातून आली. चाळीस-पन्नास घरांच्या वस्तीसाठी स्वतंत्र धक्का, स्वतंत्र बोट आणि स्वतंत्र आरोग्य उपकेंद्र देणे न्याय्य वाटले, तरी त्याच रकमेत बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात, म्हणजे केवळ पावसावर शेती चालणाऱ्या भागात, कितीतरी अधिक लोकांची तहान भागू शकते.

सरपंच : लोकसंख्येची अट आकड्यांवर चालते आणि आकडे महसुली गावाचे असतात. जनगणनेत गाव एक धरले जाते. पण गावठाण एका ठिकाणी, पुनर्वसित वसाहत दुसरीकडे आणि पाण्याच्या कडेला राहिलेली भोई किंवा शेतमजुरांची वस्ती तिसरीकडे असते. गावाला रस्ता मिळाला म्हणजे वस्तीलाही तो मिळाला, असे कागदावर ठरून जाते. पैशाचेही तसेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने दिवाबत्ती, अंगणवाडी, रस्त्याची डागडुजी आणि इतर सगळे भागवायचे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात ग्रामसभेने स्वतःचा आराखडा करावा अशी अपेक्षा आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु ज्या गावाची पहिली गरज पाणी सुरक्षितपणे ओलांडणे ही आहे, त्या गावाला आपल्या आराखड्यात ती गरज मांडून तिच्यासाठी पुरेसा पैसा बाजूला काढता येत नसेल, तर तो आराखडा गावाचा कसा म्हणावा?

अभियंता : या काठांना सरसकट गरीब म्हणणेही अचूक ठरणार नाही, ताई. फुगवट्याच्या पाण्यावर विद्युतपंप बसवून अनेक शेतकऱ्यांनी ऊस, केळी आणि डाळिंब उभे केले. इंदापूर तालुक्यातील सहकारी साखर कारखान्यांना या पाण्याने मोठा आधार दिला. भिगवण, डिकसळ आणि कुंभारगावच्या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांना पाहायला पर्यटक येतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील तरुण त्यांना होडीतून फिरवून उत्पन्न मिळवतात. धरणाने घेतले तसे दिलेही, हे विसरून चालणार नाही.

सरपंच : धरणाने दिले, पण सगळ्यांना सारखे दिले नाही. ज्याच्याकडे फुगवट्याच्या कडेला जमीन उरली आणि पंप, पाइप व वीजजोडणी यांसाठी भांडवल होते, तो बागायतदार झाला. ज्याची जमीन पूर्ण बुडाली किंवा ज्याच्याकडे मुळातच जमीन नव्हती, तो त्याच बागायतदाराच्या शेतावर मजूर झाला किंवा ऊसतोडीला गेला. उजनीचे भूसंपादन सुरू झाले तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा सर्वंकष कायदा नव्हता. असा पहिला कायदा १९७६ सालचा आहे. पुनर्वसित गावठाणात रस्ते, शाळा, पिण्याचे पाणी, स्मशानभूमी अशा ज्या नागरी सुविधा देण्याचे तत्त्व नंतर रूढ झाले, त्यांच्या पूर्ततेसाठी धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांनाही कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी, म्हणजे गाळावर एक हंगाम पीक घेता येईल अशा जमिनी, जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. मासेमारीचे ठेके वरून ठरतात. पक्षी यायचे की नाही हेही उथळ पाणी आणि चिखलाचा पट्टा कधी उघडा पडतो यावर, म्हणजे शेवटी धरणाच्या पाणीपातळीवर अवलंबून असते. ग्रामपंचायतीच्या हद्दीला लागून एवढी मोठी संपत्ती आहे, पण तिच्यापैकी कशाहीविषयी पंचायतीला साधे विचारलेसुद्धा जात नाही.

अभियंता : येथे सर्वांत कठीण मुद्दा येतो. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे कालव्यांच्या दारांच्या पातळीखालचे पाणी, आणि उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसीच आहे. या साठ्यावर सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी आणि खालच्या तालुक्यांची शेती अवलंबून आहे. उपयुक्त साठा संपून पातळी उणे झाली, की मृतसाठ्यातूनही पाणी द्यावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी इतके खाली गेले, की बुडालेल्या पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले. पाणी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेतून इंदापूर व बारामतीच्या कोरड्या गावांना न्यायचे म्हटले, तर सोलापूरकर विरोध करतात. एवढ्या ताणाताणीत प्रत्येक काठाच्या गावाला पाणीपातळीवर नकाराधिकार दिला, तर धरण चालवणेच अशक्य होईल.

सरपंच : नकाराधिकार कोणीही मागत नाही. साहेबांनी सांगितलेल्या आकड्यांतूनच वेगळी बाजू दिसते. मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा असल्याने फुगवटा भर उन्हाळ्यातही पुरता आटत नाही, त्यामुळे या गावांचे तुटलेपण हंगामी नसून बारमाही आहे. फक्त पाण्याची कड पुढे-मागे सरकते आणि तिच्यामागे बोटीचा धक्का, पंपाची मोटार आणि पाइप दरवर्षी सरकवावे लागतात. ज्या पाण्याने सोलापूरची तहान भागते आणि बारामती-इंदापूरच्या दूरच्या माळरानाला आशा मिळते, त्या पाण्यासाठी ज्यांनी घर आणि शेत दिले, त्यांचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकून घ्यावे, एवढीच मागणी आहे. स्कॉटलंडमध्ये २०१८ साली बेटांसाठी झालेल्या कायद्याने हे तत्त्व स्पष्ट केले : एखाद्या धोरणाचा परिणाम बेटावरच्या समाजावर इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या वेगळा होण्याची शक्यता असेल, तर सार्वजनिक संस्थेने त्या परिणामाचे मूल्यमापन केले पाहिजे. जपानने १९५३ सालीच दूरच्या बेटांच्या विकासासाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात मात्र मुंबईपासून सुमारे दहा किलोमीटरवरच्या घारापुरी बेटावर, जेथील लेण्यांना १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून मान्यता आहे, समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचायला २०१८ साल उजाडले. जगप्रसिद्ध बेटाला एवढा काळ लागत असेल, तर नाव नसलेल्या वस्तीने कोणाच्या भरवशावर थांबावे?

अभियंता : घारापुरीचे उदाहरण मात्र मोठ्या कामाच्या बाजूनेच बोलते. ती केबल ग्रामपंचायत टाकू शकली नसती. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, भीमा आणि नीरा यांच्या संगमावर, तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या नीरा नरसिंहपूर येथे तीर्थक्षेत्र विकास आराखड्यातून कामे झाली, तीही राज्याच्या निधीतूनच.

सरपंच : आणि नरसिंहपूरला देव आहे म्हणून निधी आला, याचा आनंदच आहे. प्रश्न ज्या गावाला प्रसिद्ध देवस्थान, लेणी किंवा पक्षी नाहीत त्या गावाचा आहे. प्रसिद्धीमुळे मिळणारा निधी कृपेसारखा असतो. गरजेमुळे मिळणारा निधी हक्काचा असतो, आणि हक्क मोजण्याचे माप गावाच्या हाती असले पाहिजे. पूल झाल्यावरही हे माप लागेल. पुलावरून उसाचे ट्रक पहिल्या दिवसापासून धावतील, कारण त्यांच्यामागे कारखाने आहेत. पण सकाळी महाविद्यालयाच्या वेळेला एसटी सुरू होईल का, बोटीवर पोट भरणाऱ्या नावाड्यांना दुसरे काम मिळेल का, आणि पुलालगतच्या जमिनी विकून टाकल्यावर छोटा शेतकरी कोठे जाईल, हे प्रश्न पूल स्वतःहून सोडवणार नाही.

अभियंता : हे मान्य करावे लागेल. पुलाच्या खर्च-लाभाच्या हिशेबात वाहनांचा वेळ आणि इंधन मोजले जाते, नावाड्याचा रोजगार मोजला जात नाही. तरीही एक अट राहतेच. अधिकार दिला तर उत्तरदायित्वही द्यावे लागते : धक्क्याच्या पैशाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला गेला पाहिजे आणि सुरक्षेच्या नियमांत गावकीच्या दबावाने सूट देता कामा नये. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. अलीकडचे गाव पुणे जिल्ह्यात आणि पलीकडचे सोलापूर जिल्ह्यात. दोन जिल्हा परिषदा, दोन जिल्हाधिकारी आणि दोन जिल्हा नियोजन समित्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेड-डी नुसार नियोजन समिती जिल्ह्यापुरती असते, आणि येथे जिल्ह्याची सीमा नेमकी पाण्याच्या मध्यावरून जाते. एका काठाने धक्का बांधला आणि दुसऱ्याने नाही, तर सेवा चालणार कशी?

सरपंच : त्या अडचणीचे उत्तर सध्याच्या रचनेतच सापडते. पुणे आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे पुणे महसूल विभागात आहेत. विभागीय आयुक्तांच्या पातळीवर दोन्ही जिल्हा परिषदा, जलसंपदा विभाग आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांची एक संयुक्त समिती नेमता येईल. तिने सगळे धक्के, सगळ्या बोटी आणि सगळ्या जलविलग वस्त्या यांची एकच नोंद ठेवावी, आणि दोन्ही जिल्हा नियोजन समित्यांनी त्या नोंदीप्रमाणे आपापला वाटा उचलावा. नदीने जे जिल्हे वेगळे केले त्यांना जलाशयाची जबाबदारी मिळून घ्यायला लावणे, हे शासनाला अवघड नाही.

येथपर्यंत आल्यावर दोन्ही भूमिकांमधले अंतर पुष्कळ कमी झालेले दिसते, तरी ते नाहीसे होत नाही. अभियंत्याचा मुख्य आग्रह बरोबर आहे : मोठ्या पाण्याने केलेला विच्छेद मोठ्या बांधकामानेच कायमचा जोडला जातो, आणि त्यासाठी लागणारा पैसा व कौशल्य एकट्या गावाकडे असू शकत नाही. सरपंचाचा आग्रहही तितकाच खरा आहे : राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना दिलेला दर्जा, आणि अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत रस्ते, मोऱ्या, पूल, नौका-फेऱ्या व जलमार्ग यांना दिलेले स्थान, हे केवळ कागदावर राहिले तर पूल बांधूनही गाव निर्णयापासून तितकेच दूर राहील. संवादातून पुढे येणारा निष्कर्ष क्रमाविषयी आहे. ज्या सार्वजनिक प्रकल्पाने गावे तोडली, त्या प्रकल्पाच्या व्यवस्थेवर सुरक्षित ये-जा पुरवण्याचे बंधन पहिल्या दिवसापासून असायला हवे होते. ते आता तरी मान्य करून पुलाचे काम चालू असतानाच नोंदणीकृत बोट, पक्का धक्का आणि प्रशिक्षित नावाडी यांची तरतूद पंचायत आणि जिल्हा परिषद यांच्या हाती, वेगळ्या निधीसह, द्यावी.

त्यानंतरची कामेही ठरवता येण्याजोगी आहेत. लोकसंख्येच्या अटी लावताना महसुली गावाऐवजी वस्ती हे एकक धरावे. गाळपेर जमिनी आणि मासेमारी यांच्या वाटपात भूमिहीन धरणग्रस्त व पारंपरिक मच्छीमार यांना अग्रक्रम देऊन ती यादी ग्रामसभेत वाचावी. उपसा योजना किंवा पाणीपातळीतील मोठा बदल ठरवण्यापूर्वी काठावरच्या गावांवरील परिणामांचा लेखी अहवाल तयार करून तो त्या गावांत मांडावा. यांपैकी कशासाठीही नवे धरण किंवा नवा जिल्हा लागत नाही. ज्यांच्या त्यागावर हा जलाशय उभा आहे, त्यांना लाभार्थी न मानता भागीदार मानण्याची तयारी मात्र लागते. शिरसोडी-कुगाव पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी त्याच्या लांबीबरोबर आणखी एक गोष्ट सांगता आली पाहिजे : तो पूर्ण होईपर्यंतच्या प्रत्येक वर्षी या पाण्यावरून किती माणसे सुरक्षित गेली, आणि त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणत्या पंचायतीने, कोणत्या निधीतून घेतली होती. स्थानिक शासनाने या काठांचा विकास केला की नाही, हे त्या उत्तरावरून ठरेल.